डावं पान वाचणाऱ्याचं

जव्हारच्या एसटी स्टँडवर पावसाळ्यात धुकं असं उतरायचं की समोरच्या फलाटावरची गाडी नुसत्या घरघरीवरून ओळखावी लागे. अशा वेळी चौकशीच्या खिडकीतून पागी नानांचा आवाज यायचा. "मोखाडामार्गे नाशिकला जाणारी गाडी… अजून दिसत नाही. पण येतेय. बसून राहा." कंट्रोलरनं असं काही सांगू नये. गाडी लागली आहे किंवा लागलेली नाही, एवढंच त्याच्या अधिकारात येतं. नाना मात्र न दिसणाऱ्या गाडीबद्दलही बोलत, आणि ऐकणाऱ्याला वाटे, आहे बुवा कुठंतरी वळणावर. माणसं घोंगडीत, शालीत, युरियाच्या गोणीच्या खोळीत गुरफटून बसलेली असत, आणि त्या आवाजानं जरा सैल होत.

नाना म्हणजे ठेंगणी मूर्ती. खाकी शर्टाच्या खिशाला तीन पेनं. निळं लॉगशीटचं, लाल उशिराच्या नोंदीचं, आणि तिसरं हिरवं. हे हिरवं पेन नाना स्वतः कधी वापरत नसत. ते वहीवाल्यांसाठी होतं, आणि त्या वहीवाल्यांत मीही होतो.

मी तेव्हा चोवीस-पंचवीस वर्षांचा असेन. तालुक्याच्या कचेरीत कनिष्ठ लिपिक. मोखाड्याहून रोज सकाळी जव्हारला यायचं, संध्याकाळी परत. घरी आई मला साहेब म्हणायची आणि कचेरीत साहेब मला 'अहो ते' म्हणायचे. या दोन्हींच्या मधला जो काही मी होतो, तो स्टँडच्या बाकावर गाडीची वाट बघत बसलेला असे. आज हे सांगायला लागलो की आमची मुलं मोबाइलमध्ये डोकं घालतात आणि बायको म्हणते, "झालं, ह्यांची वही निघाली." पण निघालीच आहे, तर सांगून टाकतो.

त्या काळी दूरदर्शनवर बुधवारी एक मालिका लागायची. तिचं खरं नाव आता आठवत नाही, कारण आम्ही सगळे तिला 'नंदिता'च म्हणायचो. नंदिता नावाची सून, मोठा बंगला, पांढरी मोटार, जिन्यावरून सावकाश उतरणारी सासू, मधेमधे साबणाची जाहिरात. आणि आमच्याकडची वीज नेमकी बुधवारीच जायची. निदान माझ्या आईचं तरी तसं ठाम मत होतं. त्यामुळे गुरुवारी सकाळी स्टँडवर एकच विचारणा, काल काय झालं. बघितलेलं कोणीच नसे, मग जो तो आपल्या मनानं सांगे. नानांनी एका गुरुवारी हे सगळं ऐकलं आणि दोनशे पानी वही काढून त्यात पहिला भाग लिहिला, 'काल वीज असती तर'. पुढे ती मालिकाच अचानक बंद पडली. नंदिता हातात बॅग घेऊन जिन्याच्या मधल्या पायरीवर उभी, आणि पुढच्या बुधवारी त्या वेळेला शेतीविषयक माहिती. मुंबई-पुण्याच्या लोकांनी नंदिताला तिथंच सोडलं असेल. आमच्या जव्हार-मोखाड्यानं मात्र तिला तीनेक वर्षं चालतं ठेवलं.

वहीची रीत अशी, की उजव्या पानावर गोष्ट लिहायची आणि डावं पान वाचणाऱ्यांसाठी मोकळं सोडायचं. सकाळच्या गाडीनं वही कंडक्टरबरोबर मोखाड्याला जाई, तिथल्या चहाच्या टपरीवर वाचली जाई, संध्याकाळी परत येई. बँकेतले कॅशियर लिहीत, आश्रमशाळेतल्या भामरे बाई लिहीत, मी तर लिहीतच असे. कोणीही लिहावं. पण डाव्या पानावर पेन टेकवायचं तर नानांची शिस्त पाळावी लागे, आणि ती कुठं लिहिलेली नव्हती. चुकलात की कळायची.

मी पहिल्यांदा चुकलो तो 'छान' लिहून. कॅशियरसाहेबांच्या भागासमोर मी ऐटीत 'छान' लिहिलं आणि सही ठोकली. नानांनी चष्म्याच्या वरून पाहिलं. "भाऊसाहेब, फाट्यावर माणूस हात दाखवून उभा असतो. गाडी येते, न थांबता जाते. त्याला मिळते नुसती धूळ. तुमचं 'छान' तसलं आहे. कुठं थांबलात ते लिहा." मी म्हणालो, थांबलो असं नाही, सगळंच छान आहे. "मग पुन्हा वाचा. तुमच्या गाडीला अजून अवकाश आहे." गाडी त्यांच्याच हातात असल्यामुळे मला वाचावंच लागलं.

उत्तराचीही शिस्त होती. ज्याला अभिप्राय आला त्यानं दोन ओळींत का होईना, उत्तर द्यायचं. उशीर झाला तरी चालेल, पण जागा रिकामी ठेवायची नाही. एकदा कोणीतरी भामरे बाईंना लिहिलं की सासू एवढ्या लवकर कशी विरघळली. बाईंनी दीड पान भरून सासूच्या स्वभावाची कारणमीमांसा केली. नाना त्यांना म्हणाले, "बाई, गाडी उशिरा आली तर प्रवाशाला दोन गोड शब्द हवे असतात. इंजिनाची माहिती नको असते." बाई रागावल्या, आठवडाभर खिडकीकडे फिरकल्या नाहीत. मग आल्या आणि हिरव्या पेनानं खाली लिहून गेल्या, 'बरोबर आहे, घाई झाली.' नानांनी त्या दिवशी त्यांना चहा पाजला. नाव न घातलेला अभिप्राय तर नानांना अजिबात खपत नसे. असलं काही दिसलं की म्हणायचे, "ही बेवारस पिशवी कोणाची? ज्याची असेल त्यानं येऊन घेऊन जावी." आणि एवढं सगळं ठाऊक असून मी जे केलं, ते केलं.

जानकी जामसरची. घरची जमीन नाही. दिवाळीनंतर वीटभट्टीवर, एरवी कुणाच्या बांधावर, रस्त्याच्या कामावर, मिळेल तिथं. आश्रमशाळेत सातवीपर्यंत शिकलेली. मुकादमाच्या निरोपासाठी बायका स्टँडवर तासन् तास बसायच्या, त्यात जानकी वही मागून घेऊन वाचायची. एकदा तिनं नानांना विचारलं, लिहिलं तर चालेल का. नानांनी हिरवं पेन खिडकीबाहेर धरलं.

तिच्या गोष्टीत नंदिता बंगल्यातून निघते, चुकीच्या गाडीत बसते आणि जामसरच्या फाट्यावर उतरते. आवणीचे दिवस असतात. माणूस कमी पडत असतं, म्हणून कोणीतरी तिला चिखलात उतरवतं आणि ती भात लावू लागते. तू कोणाची, कुठली, असं तिला कोणी विचारत नाही. एवढीच गोष्ट, तीन पानांची. त्यात कोर्ट नाही, मृत्युपत्र नाही, सासूचा झटका नाही.

माझ्या पिशवीत तेव्हा माझा भाग तयार होता. त्यात नंदिता वकील होऊन सासूवर दावा लावते. मी त्यावर महिनाभर घासलो होतो. आणि आता मला भातखाचरापासून पुढं लिहावं लागणार होतं. चिखलातल्या बाईला कोर्टात कशी नेऊ? मला राग आला आणि विनोद सुचला. या दोन गोष्टी एकदम येतात तेव्हा माणसानं पेन खाली ठेवावं, हे तेव्हा मला कळत नव्हतं. मी डाव्या पानावर लिहिलं, 'नंदिताच चिखलात उतरली तर मालिकेतला साबण कोण विकणार?' आणि खाली, 'एक रसिक वाचक'.

वही दोन दिवसांनी परत आली तेव्हा माझ्या ओळीखाली आठ जणांनी आपापले विनोद जोडले होते. एकानं नंदिताला इरलं घातलेलं चित्रही काढलं होतं. घाटात एक गाडी उभी राहिली की मागं रांग लागते, तसं. मला, खोटं कशाला बोलू, आनंद झाला.

जानकीनं ते पान खिडकीपाशी उभ्यानं वाचलं. मी बाकावर होतो, पेपरच्या आड. ती नानांना म्हणाली, "नाना, माझी पानं फाडून द्या. चुलीला होतील."

नाना म्हणाले, "तुझी पानं फाडली तर यांचं हसणं तेवढं वहीत राहील. कशाला हसले ते जाईल. चालेल तुला?"

नानांनी पेन पुढं केलं. उत्तर तरी लिही म्हणाले. ती पेनाकडे बघत राहिली, मग मान हलवून निघून गेली. चार दिवसांनी मुकादमाचा टेम्पो आला आणि ती घरच्यांबरोबर भिवंडीकडच्या भट्टीवर गेली.

नानांनी वही ड्रॉवरमध्ये ठेवली. विचारायला येईल त्याला सांगत, "गाडी जागेवर उभी आहे. एक उत्तर यायचंय." लोक कुरकुरले. कॅशियरसाहेब म्हणाले, नवी वही घालू, कागदाला काय कमी आहे. नाना म्हणाले, नवी घाला, पण तिच्यासाठी दुसरी खिडकी शोधा. सगळ्यांत जास्त त्रास अर्थात मला होत होता, कारण माझा दावा पिशवीतच पडून होता. मी एकदा जाऊन नानांना पटवायला लागलो की एका माणसासाठी सगळ्यांना अडवणं बरोबर नाही. नानांनी ऐकून घेतलं. बसा म्हणाले. मोखाडा गाडी त्या दिवशी उशिरा होती, दुपारचं ऊन स्टँडच्या पत्र्यावर तडतडत होतं, आणि सगळं कसं झोपेतल्यासारखं चाललं होतं. कुत्री, केळीवाली, फलाटावर एकटीच उभी सेलवास गाडी.

"भाऊसाहेब, तुमच्या टेबलावर निनावी अर्ज आला तर काय करता?"

मी म्हणालो, दखल घेत नाही. फाइलला लावून टाकतो.

"मी घेतो," नाना म्हणाले, आणि वही काढून ते पान माझ्यासमोर उघडून ठेवलं. हिरवं पेन वर ठेवलं. मग लॉगशीट लिहायला लागले. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. मला कळलं की त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. माझं अक्षर त्यांनी तीन वर्षं वाचलं होतं.

त्या दिवशी मी पेनाला हात लावला नाही. गाडी आली, मी गेलो. दुसऱ्या दिवशीही पान तसंच उघडं. कचेरीतल्या लोकांना कळलं तर काय म्हणतील, असं मला वाटत होतं. खरं तर कचेरीत माझ्याबद्दल कोणी काही म्हणण्याइतका मी कोणाच्या लक्षातच नव्हतो. चौथ्या दिवशी 'एक रसिक वाचक' याच्या पुढं मी लिहिलं, 'म्हणजे सुधाकर, मोखाडा'. नाना म्हणाले, "पिशवी नेलीत, बरं झालं. आता गोष्ट वाचा." मी म्हणालो, वाचलीय की. "विनोद सुचेपर्यंत वाचलीत. आता थांबेपर्यंत वाचा."

तिसऱ्या वाचनात मी थांबलो. नंदिता भात लावत असते, शेजारची बाई तिला विचारते, 'घरी कोण वाट बघतं तुजी?' नंदिता म्हणते, 'दार.' आणि दोघी पुढच्या ओळीला लागतात. बस, एवढंच. हे आधी दोनदा माझ्या डोळ्यांखालून गेलं होतं आणि मी त्यावरून गाडी घालून पुढं गेलो होतो. मी खाली लिहिलं की मी इथं थांबलो, आणि माझ्या कोर्टाच्या वीस पानांत असं एकही वाक्य नाही. हे दुसरं लिहायला जड गेलं, पण लिहिलं. माझं नाव दिसल्यावर त्या आठांपैकी पाच जण आपापलं नाव घालून गेले. चित्र काढणारा शेवटपर्यंत सापडला नाही.

शिमग्याला भट्टीवरची माणसं चार दिवस घरी येतात. स्टँड तेव्हा बोचक्यांनी आणि पोरांनी भरून जातो. जानकी उतरली, तशी नानांनी माइकवरून तिला नावानं हाक मारली, जणू तीच एखादी गाडी होती. ती खिडकीशी आली. नानांनी पान उघडलं. ती वाचत असताना मी पुढं झालो आणि म्हणालो, "ते साबणाचं मी लिहिलं होतं."

"ठावं हाय," ती पानावरची नजर न काढता म्हणाली. "घरकुलाचा अर्ज तुमीच लिवून दिला ना माजा. अक्षर तेच."

नानांनी हळूच विचारलं, "मग तेव्हाच उत्तर का नाही दिलंस, पोरी?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच. रागानं नाही, हिशेबानं. "अर्ज ह्यांच्याच टेबलावर हाय, नाना. ह्यांना काय उत्तर लिवू?"

मला वाटत होतं की ती लाजली, दुखावली, खचली. मी महिनाभर तिच्या नाजूक मनाची कल्पना करून स्वतःला कोसत होतो, आणि त्यातही थोडी मजा घेत होतो. ती मात्र साधा विचार करून गप्प बसली होती. ज्याच्या हातात आपला कागद, त्याच्याशी वाद घालू नये. माझ्या हाताला एवढं वजन आहे हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. मी गडबडीनं म्हणालो की अर्ज माझ्याकडे नाही आता, मागच्याच महिन्यात वर गेला, क्रमानं सगळे गेले, माझ्या हातात काही नाही.

"हे तोंडी नको," नाना म्हणाले. त्यांचा आवाज मी इतका कोरडा कधी ऐकला नव्हता. "कधी गेला, कोणाकडे गेला, जावक क्रमांकासकट लिहून आणा. वेगळ्या कागदावर. ते डाव्या पानाचं काम नाही."

मी कचेरीत गेलो, आवक-जावक रजिस्टर काढलं, क्रमांक उतरवला आणि परत आलो. जानकीनं तो कागद दोनदा वाचला, घडी घालून पदराच्या गाठीत बांधला, आणि मग म्हणाली, "पेन द्या."

ती सावकाश लिहीत होती, डाव्या हाताचा आडोसा करून. लिहून झाल्यावर वही मिटून नानांच्या हातात दिली आणि जामसर गाडीकडे गेली. मी हात पुढं केला तर नानांनी वही धरून ठेवली. "तिची गाडी सुटू दे." गाडी सुटली, वळणावर दिसेनाशी झाली, तेव्हा त्यांनी वही सोडली.

तिनं लिहिलं होतं, 'भाऊसाहेब, तुम्ही दारापाशी थांबलात ते वाचलं. आमच्या घराला दार नाही, कुडाची ताटी आहे. ताटी कोणाची वाट बघत नाही. वाऱ्यानं पडू नये म्हणून आम्हीच तिच्याकडे बघतो. म्हणून नंदिताला दार दिलं. साबणाचं तुमचं खरं आहे. पुढं ती काय करते ते अजून मला ठावं नाही. जानकी, जामसर.'

मी पेन उचललं. मला काय काय लिहायचं होतं. नानांनी ते माझ्या बोटांतून काढून घेतलं आणि खिशाला लावलं. "उत्तराला उत्तर नसतं, भाऊसाहेब. बसा जरा." आम्ही बसलो. वारा धूळ आणि मोहाच्या फुलांचा वास घेऊन स्टँडभर फिरत होता. नाशिक गाडी आली, गेली. माझी मोखाडा गाडीही गेली, आणि नानांनी ती पुकारली तरी मी उठलो नाही.

मे महिन्याच्या अखेरीस नाना निवृत्त झाले. शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ. वही त्यांनी एका कंडक्टरच्या हाती जामसरला पाठवून दिली, उरलेली कोरी पानं तिची म्हणून. माझा कोर्टाचा भाग पिशवीतच राहिला. आजही घरात कुठंतरी आहे, बायकोला विचारू नका. घरकुलाची यादी पुढच्या वर्षी लागली. तिचं नाव होतं. त्यात माझा काही हात नव्हता, आणि एखाद्या गोष्टीत आपला हात नाही याचं मला आयुष्यात पहिल्यांदा बरं वाटलं.

पाच-सहा वर्षांनी नाना आजारी असल्याचं कळलं. जव्हारच्या पलीकडं त्यांच्या गावी गेलो. ओट्यावर खाट टाकलेली, दम लागत होता. मी त्यांना यादीचं सांगितलं, घर झाल्याचं सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि मान हलवली. मग म्हणाले, "ती लिहिते का?"

मला ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत मी ते विचारलंच नव्हतं.

"मग तुमचा अभिप्राय बरा होता की वाईट, हे अजून कळलंच नाही म्हणायचं," नाना म्हणाले. "जाऊन बघून या."

मी जामसरला गेलो. जानकी घरी होती, नाचणी पाखडत होती. मी आलो कशाला ते सांगितल्यावर हसली, आणि आत जाऊन वही घेऊन आली. कोरी पानं केव्हाच भरली होती, आता मुलीच्या शाळेच्या जुन्या वह्यांतली उरलेली पानं शिवून नवी केली होती. नंदिता त्यात कुठंच नव्हती. भट्टीवरच्या तीन बायका होत्या. एक पान तिनं मला वाचायला दिलं आणि पाखडायला बसली.

परत येऊन नानांना हे सगळं सांगितलं. त्यांनी डोळे मिटले होते, मला वाटलं झोपले. मग म्हणाले, "वाचून तुम्ही काय म्हणालात?"

मी म्हणालो, "काही नाही. पुढचं पान मागितलं."

नानांनी डोळे न उघडताच माझा हात शोधला आणि आपल्या हातात धरून ठेवला.